हरचिरी चाळीचं निर्णायक मत

काळाचौकीतल्या हरचिरी चाळीत अगदी परवापरवापर्यंत लोकसभा भरायची. हे कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. घेऊ दे. लोकसभा भरायची, तिच्यात पंचवीस सदस्य होते, आणि तिचे अध्यक्ष होते रामू खवणेकर. त्यांना चाळीत सगळे रामूअण्णा म्हणायचे आणि सभागृहात अध्यक्ष महाराज.

हौसेपोटी नव्हे, भांडणापोटी ही लोकसभा जन्माला आली. झालं असं, की चाळ पाडून तिथे टॉवर उठवायचा म्हणून एक बिल्डर आला. टॉवरमध्ये भाडेकरूंना नवी घरं मिळणार होती. तोवर सगळ्यांनी मानखुर्दच्या पलीकडे एका संक्रमण इमारतीत जाऊन राहायचं. तोवर म्हणजे किती वर्षं, हे बिल्डरच्या माणसाने सांगितलं नाही, चहा मात्र दोनदा मागून प्यायला. काही जण हो म्हणाले, काही नको म्हणाले, आणि रोज संध्याकाळी पटांगणात सभा पेटायला लागली. एका सभेत तर कुणाची तरी कवळी उडून समोरच्या पत्र्यावर पडली, ती एका कावळ्याने उचलली, आणि पुढचा आठवडाभर तो कावळा चाळीकडे बघून हसायचा. पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत.

भांडण मिटवल्यावाचून सुटका नव्हती, कारण हरचिरी चाळीची गिरण्यांच्या दिवसांपासूनची एक रीत होती. काय भांडायचं ते सभेत. सभेत एकदा ठरलं, की ज्याने विरोधात हात वर केला त्यानेसुद्धा मुकाट सही करायची. संपात या रीतीपायी चाळ उपाशी राहिली, पण फुटली नाही. तेव्हा हो की नको, ते सभेतच ठरायला हवं होतं, आणि सभा तर ठरवू शकेल अशा अवस्थेत राहिली नव्हती.

रामूअण्णांचं 'नको' होतं, आणि त्याचं कारण तळमजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत शिजत असायचं. त्यांची बायको अंबिका तिथे खानावळ चालवायची. दोन बाकं, एक खिडकी, आणि दुपारी बारापासून रांग. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतले हमाल, टॅक्सीवाले, परळच्या इस्पितळांत पेशंट घेऊन आलेली गावाकडची माणसं. गिरणी बंद पडल्यावर अण्णा दोन वर्षं भिंतीकडे बघत बसले होते तेव्हा घर या खोलीने चालवलं. पुढे फोर्टात त्यांना शिपायाची नोकरी लागली, तीही तिच्याच एका गिऱ्हाइकाच्या वशिल्याने. आता मानखुर्दपलीकडे अकराव्या मजल्यावर बांगड्याचं कालवण खायला कुठला हमाल लिफ्टने वर येणार होता? चाळ गेली की खानावळ गेली. हे अंबिकाला ठाऊक होतं, अण्णांना ठाऊक होतं, आणि बिल्डरच्या बाजूने किल्ला लढवणाऱ्या धनेशलाही ठाऊक होतं.

अण्णांना निवृत्तीनंतर एकच नाद लागला होता, टीव्हीवर संसदेचं कामकाज बघायचा. बाकीच्या घरांत सासवा-सुनांच्या मालिका चालायच्या, खवणेकरांकडे शून्य प्रहर. मंत्र्यांचं त्यांना काही विशेष नव्हतं. त्यांचा जीव जडला होता त्या उंच खुर्चीवर. एवढा शेकड्यांचा गलका, आणि मध्ये एक माणूस शांत बसून नुसतं "बसा, बसा" म्हणतो, आणि अधूनमधून लोक बसतातसुद्धा. गिरणीत, कचेरीत किंवा घरात अण्णांच्या सांगण्यावरून आजवर कुणी बसलं नव्हतं.

त्यांनीच मग तोडगा सुचवला. म्हणाले, दिल्लीत एवढा मोठा देश ज्या नियमांनी भांडतो, त्या नियमांनी आपण भांडू. लोक हसले. पण धनेश हसला नाही. धनेश चाळीच्या मंडळाचा कार्याध्यक्ष, पांढरा शर्ट, कानाला कायम फोन. तो म्हणाला, अण्णांचं शंभर टक्के बरोबर आहे. अण्णांना फार बरं वाटलं. खरं म्हणजे तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

मग चाळीचे पंचवीस मतदारसंघ पाडले. वरच्या मजल्यावाल्यांनी राज्यसभा मागितली. तुम्ही तसेही वरून आमच्यावर पाणी ओतताच, त्याला वेगळं सभागृह कशाला, म्हणून ती मागणी फेटाळली. बायकांना तिसरा हिस्सा जागा राखून ठेवल्या. दिल्लीत कायदा झालाय, अंमल व्हायचाय, आपण आधी करू, असं अण्णा अभिमानाने म्हणाले. तळमजल्याची कोपऱ्याकडची जागा अशी राखीव झाली आणि तिथून अंबिका उभी राहिली. अण्णा उभे राहिले दुसऱ्या मजल्यावरून. तिथे ते राहत नव्हते, पण राहायलाच हवं असं कुठे आहे? देशातले मोठमोठे पुढारी कुठल्या गावचे आणि निवडून कुठून येतात, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

निवडणूक झाली. गंमत अशी झाली, की सगळ्या चाळीची मतं एकत्र मोजली तर 'नको' म्हणणारे ढीगभर जास्त होते. पण मतं एकत्र मोजायचीच नसतात. 'नको'वाल्यांनी आपल्या खोल्यांत भरभरून मतं घेतली आणि 'हो'वाले ठिकठिकाणी एकेका मताने निसटते निवडून आले. एका जागी तर 'नको'चे दोघे उभे राहिले, दोघांनी एकमेकांची मतं खाल्ली, आणि जो कुणालाच नको होता तो सदस्य झाला. शेवटी जागा पडल्या त्या अशा: 'नको' तेरा, 'हो' बारा.

तेरा म्हणजे बहुमत. बहुमताच्या गटाचा नेता तोच सभागृहाचा नेता, म्हणजे चाळीचा पंतप्रधान. 'नको' गटाचे नेते रामूअण्णा. तेव्हा सगळं उघड होतं. पहिल्या बैठकीत ठराव मांडायचा, तेरा हात वर करायचे, बिल्डरला नारळ द्यायचा आणि घरी जाऊन जेवायचं. अंबिकाने त्या दिवशीसाठी कोळंबीसुद्धा सांगून ठेवली होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी धनेश खानावळीत आला. पैसे देऊन जेवला, आणि जेवून झाल्यावर अण्णांना बाहेर कट्ट्यावर घेऊन बसला.

"अण्णा, प्रधान काय, कोणपण होईल. तुमच्या गटातले शामराव होतील. शामरावांना नुसतं उभं केलं तरी चालतंय," तो म्हणाला. "पण अध्यक्षाच्या खुर्चीत चाळीतला दुसरा कोण दिसतोय तुम्हाला? मला तर नाय दिसत. तुम्ही हो म्हणा, आमचे बाराच्या बारा हात तुमच्यासाठी वर. बिनविरोध."

बिनविरोध. अण्णांच्या आयुष्यात बिनविरोध असं काही झालंच नव्हतं. लग्नाला त्यांच्या दोन्ही काकांचा विरोध होता.

दुसऱ्या दिवशी पटांगणाला लागून असलेल्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये चाळीची लोकसभा पहिल्यांदा भरली. सगळ्यांत वयस्क म्हणून एका आजोबांनी हंगामी अध्यक्ष होऊन सगळ्यांना शपथ दिली, स्वतःच्या शपथेच्या वेळी मात्र ते विसरले आणि त्यांनी मंगलाष्टकं सुरू केली. मग रामूअण्णांची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावातून आणलेली साहेबाची गोल फिरणारी खुर्ची होती, ती आसन म्हणून मांडली होती. अध्यक्षाने कुठल्याच बाजूला फिरू नये म्हणून तिच्या बुडाशी दोन विटा कोंबल्या. एका हाताला शामराव आणि दुसऱ्या हाताला धनेश, असे दोघांनी अण्णांना धरून आसनापर्यंत नेलं. बसल्यावर त्यांनी गळा साफ केला आणि पहिला निर्णय दिला, की आपण आजपासून पक्षातीत आहोत. 'नको' गटाचं सदस्यत्व त्यांनी तिथल्या तिथे सोडलं. कायदा एवढं मागत नाही, पण अण्णांना कायद्यापेक्षा चांगलं व्हायचं होतं.

घरी आल्यावर त्यांनी पेढ्याचा पुडा अंबिकासमोर धरला. ती कोळंबी सोलत होती. तिने पुड्याकडे बघितलं नाही.

"तुमका खुर्ची दिल्यानी आणि मत काढून घेतल्यानी," ती म्हणाली. "आणि पेढे तुम्ही वाटतास."

अण्णांनी तिला शांतपणे समजावलं. अध्यक्ष एरवी मत देत नाही, हे खरं. पण दोन्ही बाजूंना समान मतं पडली की अध्यक्षाचं निर्णायक मत असतं. आता दोन्हीकडे बारा बारा. म्हणजे समान पडणारच. आणि अशा वेळी अध्यक्षाने आहे ती स्थिती कायम राहील असं मत द्यावं, असा जगभरचा संकेत. आहे ती स्थिती म्हणजे काय? चाळ. म्हणजे तेरापैकी एक मत होतं, त्यापेक्षा आता जास्त वजनदार मत आपल्या हातात आलंय.

"आणि समान नाय पडली तर?"

"बारा आणि बारा समानच असतात, अंबिका."

"माणसां ती. तांदूळ नाय, मापात घातले तेवढेच ऱ्हवाक."

पण ही गोष्ट अण्णांच्या कानापर्यंत पोचली नाही. कानात अजून सभागृहाचं बाक वाजवणं चालू होतं.

पुढे दोन महिने लोकसभा जोरात चालली. शामराव पंतप्रधान झाले. ते गिरणीत टाइमकीपर होते, त्यामुळे बैठकीला वेळेवर यायचे आणि वेळेवर झोपायचे. गणपूर्तीला एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा लागतो. पंचवीसचा दहावा हिस्सा अडीच. अडीच माणसं मोजायची कशी, यावर एक दुपार गेली, आणि शेवटी जागे असलेले दोन सदस्य अधिक झोपलेले शामराव, असा हिशोब अध्यक्षांनी मान्य केला. नळाच्या वेळेवर लक्षवेधी आली, दुसऱ्या मजल्यावरच्या कबुतरांवर तारांकित प्रश्न आला. शेजारच्या चाळींतली माणसं खिडक्यांतून बघायला गर्दी करायची, त्यांना अण्णा प्रेक्षक दीर्घा म्हणायचे आणि शिट्टी मारली तर बाहेर काढायचे. सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे अण्णांनी "बसा" म्हटलं की लोक बसायचे. घरात मात्र त्यांचं ताट आता थोडं उशिरा वाढलं जायचं.

या दोन महिन्यांत धनेशने 'नको'वाल्यांच्या बारापैकी अकरा दरवाजे वाजवले. एकाला मुलाच्या नोकरीचं सांगून बघितलं, एकीला नव्या घरात पूर्वेची खिडकी देतो म्हणाला. एकही फुटला नाही. अंबिकाच्या दारात तर तो गेलाच नाही. मग एके दिवशी त्याने अध्यक्षांकडे रीतसर ठराव दिला: चाळ पुनर्विकासासाठी विकासकाच्या ताब्यात देण्यात यावी. शामराव धावत आले. म्हणाले, रामू, हा ठराव तू दाखलच करून घेऊ नकोस, अध्यक्षाच्या हातात असतं ते. अण्णा म्हणाले, नियमात बसणारा ठराव मी माझ्या मनात काय आहे म्हणून अडवू? शामराव म्हणाले, अरे पण तुझ्या घरावर येतंय. अण्णा म्हणाले, म्हणूनच अडवता येत नाही. आणि ते हसले, कारण बारा आणि बारा त्यांना पाठ होते.

रविवारी दुपारी ठरावावर चर्चा झाली. त्या दिवशी अण्णा लवकर जेवले. बांगड्याचं कालवण होतं, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून आणलेल्या बांगड्यांचं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. अंबिकाने तिसऱ्यांदा स्वतःहून वाढलं आणि म्हणाली, आज नीट करा. बस्स, एवढंच म्हणाली.

सभागृह खच्चून भरलं होतं. पंचवीसच्या पंचवीस हजर, शामरावसुद्धा टक्क जागे. दोन्ही बाजूंची भाषणं झाली, ती कुणी ऐकली नाहीत, कारण सगळे बोटांवर मोजत होते. सगळ्यांत शेवटी धनेश उभा राहिला. बिल्डर, टॉवर, लिफ्ट, यातलं त्याने काहीच काढलं नाही. त्याने आरोग्याचा विषय काढला. म्हणाला, या चाळीत तळमजल्यावर एक खानावळ चालते. माननीय सदस्यांची आहे, म्हणून नाव घेत नाही. तिथे इस्पितळातल्या पेशंटची माणसं जेवतात. गावाकडची, भोळी माणसं, त्यांना कळत नाही. पण आम्हाला कळतं, की तिथे काल राहिलेलं शिळं कालवण आज गरम करून वाढतात.

चाळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की हे खोटं आहे. उरलेलं कालवण अंबिका मांजरांना घालायची, गिऱ्हाइकाला कधी नाही. चाळीतली मांजरं त्यामुळे एवढी माजली होती की उंदीर समोरून गेला तरी वाट देत.

अंबिका उठली. सगळ्यांना वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही, हॉलमधून चालत बाहेर गेली आणि क्षणात परत आली, हातात कालवणाचं पातेलं, वाफा निघत असलेलं. ती सरळ अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत आली. त्या जागेत सदस्याने उतरायचं नसतं. पातेलं तिने अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं.

"वास घ्या," ती म्हणाली. "आणि ह्येंका सगळ्यांका सांगा, शिळा हा काय."

कालवणातल्या त्रिफळांचा वास हॉलभर पसरला. मागच्या बाकावरच्या दोघांच्या तोंडाला पाणी सुटलं, ते 'हो' गटाचे होते. अण्णांच्या पोटात तेच कालवण होतं. हे ताजं आहे, याची जगात त्यांच्याइतकी खात्री कुणालाच नव्हती. त्यांनी नुसतं एक वाक्य बोलायचं होतं.

ते म्हणाले, "सदस्यांनी आपल्या जागेवर बसावं. सभागृहात वस्तू दाखवता येत नाहीत."

"सांगा म्हणतंय."

"शिळं हा शब्द कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे," अण्णा म्हणाले. त्यांना मनापासून वाटलं की हा न्याय झाला. शब्दच राहिला नाही, मग बाईचा अपमान कुठे राहिला?

अंबिका जागची हलली नाही. अण्णांनी घंटी वाजवली. तिने हात पुढे करून घंटी उचलली आणि पातेल्याशेजारी उलटी ठेवली. 'नको'वाले टाळ्या पिटायला लागले, खिडक्यांतून शिट्ट्या आल्या. तेव्हा धनेश सावकाश उठला. आवाज अगदी खाली.

"अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा. मागच्या महिन्यात आमच्या एका सदस्याने नुसता कागद फडकावला, तर आपण त्याला दिवसभरासाठी बाहेर काढलंत. आम्ही काही बोललो नाही. आपला नियम आम्हाला मान्य होता." तो खिडक्यांतल्या गर्दीकडे वळला. "आज मला एवढंच विचारायचंय, अध्यक्षांच्या घरच्या माणसांना नियम वेगळा आहे का?"

सगळे अण्णांकडे बघायला लागले. पुढचा विचार अण्णांना करता आला नसता असं नाही. गिरणीत धागा तुटायच्या आधीच त्यांच्या हाताला कळायचं. अंबिका बाहेर गेली तर बारामधून एक गेला, हे त्यांना दिसलं. दिसलं, आणि त्याच वेळी त्यांना ती खुर्चीही दिसली, पंचवीस माणसं, खिडक्यांतली गर्दी, आणि उद्या सगळी काळाचौकी म्हणणार की अण्णांनी बायकोसाठी नियम मोडला. लोक पुन्हा कधीच बसणार नाहीत, असं त्यांना वाटलं.

"नियम तीनशे त्र्याहत्तर," ते म्हणाले. "माननीय सदस्या अंबिका खवणेकर यांचं वर्तन अत्यंत बेशिस्तीचं आहे. त्यांनी ताबडतोब सभागृहाबाहेर जावं. आजच्या उरलेल्या बैठकीत त्यांना भाग घेता येणार नाही."

शामराव ओरडले, "रामू, मत राहिलंय अजून." अण्णांनी त्यांनाही बसायला सांगितलं. ते बसले.

अंबिकाने पातेल्यावर झाकण ठेवलं. पदराने टेबलावर सांडलेला थेंब पुसला. घरी पुसते तसाच. पातेलं उचलून ती दाराबाहेर गेली. मग अध्यक्षांनी मतदानाची घंटी वाजवली आणि नियमाप्रमाणे दार बंद करायला सांगितलं.

ठरावाच्या बाजूने बारा हात. विरोधात अकरा.

निर्णायक मत द्यायची वेळच आली नाही. अण्णांनी उभं राहून, मान वर ठेवून, जाहीर केलं की ठराव मंजूर झाला आहे. धनेशने आधी बाक वाजवलं नाही. आधी तो आसनाजवळ आला, वाकला, आणि म्हणाला की लोकशाही टिकली ती तुमच्यासारख्या माणसांमुळे, अण्णा. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट अशी, की त्या एका क्षणापुरतं अण्णांना बरं वाटलं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. सभेत ठरलं म्हणून विरोध करणाऱ्यांनीही सह्या केल्या. खवणेकरांच्या दारात बिल्डरचा माणूस आला तेव्हा अंबिकाने हात पुसून सही केली आणि पेन अण्णांकडे सरकवलं. शामरावांचं सरकार पडलं, धनेश पंतप्रधान झाला, आणि त्याने पहिलं आणि शेवटचं काम केलं ते म्हणजे लोकसभा विसर्जित केली. तिचं काम संपलं होतं. पावसाळ्याच्या आधी चाळ पाडली. पाडताना एवढी धूळ उठली की परळच्या पुलावर दुपारी गाड्यांनी दिवे लावले. पाडलेल्या जागेवर पत्रे ठोकले, पत्र्यांवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र लावलं, आणि आत अजून काहीच सुरू झालेलं नाही. बिल्डर दुसऱ्या कुठल्या कामात अडकलाय म्हणतात. धनेश हल्ली माहीमकडे राहतो, त्याचा फोन लागतो, पण उचलला जात नाही.

संक्रमण इमारतीत चाळीची माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली. शामराव चौथ्यावर आहेत आणि खवणेकर अकराव्यावर. लिफ्ट सकाळी चालते, संध्याकाळी चालेल असं नाही. अंबिकाने सुरुवातीला दोन डबे करून बघितले. मग ते सोडलं आणि दादरला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायला लागली. तिथे मासे नाहीत. एका ओट्यावर सहा बाया, प्रत्येकीसमोर कणकेचा डोंगर, आणि पोळी किती मापाची लाटायची ते तिशीतला मालक सांगतो. चाळीस वर्षं जिच्या हातचं खायला रांग लागायची, तिला तो रोज म्हणतो, मावशी, जरा पातळ.

अण्णा दिवसभर घरी असतात. टीव्हीवर संसद लावतात, पण आवाज बंद करून. एकदा बघता बघता त्यांना एक गोष्ट आठवली आणि ते ताठ बसले. संध्याकाळी अंबिका आली, चपला काढून भिंतीला टेकली, तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी तिला सांगितलं, की लोकसभा विसर्जित झाली की सगळ्या सदस्यांचं सदस्यत्व जातं. पंतप्रधानही जातो केव्हा ना केव्हा. पण अध्यक्ष जात नाही. घटनेत लिहिलंय. नवी लोकसभा पहिल्यांदा भरेपर्यंत जुना अध्यक्ष पदावर कायम असतो. आणि हरचिरी चाळीची नवी लोकसभा काही भरायची नाही, तेव्हा म्हणजे, कायद्याने बघितलं तर, ते अजून अध्यक्षच आहेत. कायमचे.

अंबिका पायाची बोटं दाबत बसली होती. तिने विचारलं, "अध्यक्षांका पगार आसता?"

"दिल्लीतल्या असतो," अण्णा म्हणाले.

तिने मान हलवली, जसं काही ठरलंच होतं, आणि उद्याची साडी खुंटीवरून काढून घडी करायला लागली. उद्या पहाटे केंद्रात लग्नाची ऑर्डर होती.